लिंबाच्या झाडाची साक्ष

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात वरूड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं. नाव-गाव छापू नका म्हणतात, ते पाळतो. पत्र सहा पानी आहे. त्यातलं मुद्द्याचं तेवढं त्यांच्याच शब्दांत देतो.

“आमचं चार एकर ओलित आहे. विहिरीजवळ मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातचा जुना संत्र्याचा बगीचा, चाळीस झाडं, तीस वर्षांवरची. सात वर्षांपूर्वी आम्ही खालच्या दीड एकरात १७० कलमा लावल्या. जंबेरीवर, म्हणजे जंगली लिंबाच्या खुंटावर (खालच्या मुळाकडच्या रोपावर) बांधलेल्या, वर बांधलेले डोळे (कोंब) आमच्याच जुन्या बगीच्यातल्या एका झाडाचे. त्या झाडाला आमच्याकडे राणी म्हणतात. गावातले अर्धे बगीचे तिच्याच डोळ्यांचे आहेत. दर थंडीत लोक डोळकाड्या, म्हणजे डोळे असलेल्या काड्या न्यायला येतात. मामाजी एक रुपया घेत नाहीत, उलट चहा पाजून पाठवतात.

नवीन बगीच्यात नाल्याकडची साठेक झाडं दोन वर्षांपासून पिवळी पडत आहेत. पानं बारीक, सल (वाळलेल्या फांद्या) खूप, फळ लिंबाएवढं होऊन गळते. वरच्या ओळी मात्र हिरव्यागार आहेत. कृषी केंद्रवाल्यानं पान पाहून व्हायरस सांगितला आणि फवारणीच्या बाटल्या दिल्या. दोन बहारांत ३६ हजार गेले. मुलगा मोबाइलमध्ये पाहून म्हणतो, हा ट्रिस्टेझा आहे, सगळा बगीचा उपटावा लागतो. त्यात नणंदेचा मुलगा यंदा नर्सरी टाकतो आहे. त्याला राणीचे दोन हजार डोळे पाहिजेत आणि मामाजी हो म्हणून बसले. मला भीती वाटते, पण त्यांच्यासमोर बोलू कशी? धुऱ्यावरचं (बांधावरचं) कागदी लिंबाचं झाडही यंदा बसलं, पानं वाटीसारखी वळली. पण ते असू द्या, ते काही कोणी लावलेलं नाही, कुठल्या तरी बीपासून आपोआप उगवलं.”

ताई, नमस्कार.

“ते असू द्या” म्हणून तुम्ही जे झाड बाजूला सारलं, मी तिथूनच सुरुवात करतो. तुमच्या सहा पानांतली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे.

कागदी लिंबू हा ट्रिस्टेझाचा, म्हणजे संत्र्याच्या त्या विषाणूरोगाचा साक्षीदार. हाताशी यंत्रं नव्हती तेव्हा शास्त्रज्ञ हा रोग लिंबावरूनच ओळखायचे. संशयित झाडाचा डोळा कुंडीतल्या लिंबाच्या रोपावर बांधायचा आणि नवीन पानांची वाट पाहायची. आजही ही पद्धत मोडीत निघालेली नाही. कारण सरळ आहे. जंबेरीवरचा संत्रा हा विषाणू पोटात घेऊन वर्षानुवर्षं हिरवा राहू शकतो, बहार धरू शकतो, व्यापाऱ्याला चांगला भाव द्यायला लावू शकतो. लिंबाला हे लपवणं जमत नाही.

तेव्हा आधी धुऱ्यावर जा. लिंबाचं अगदी कोवळं नाही आणि जून नाही असं, नवतीचं, म्हणजे नव्या पालवीचं पान तोडा आणि सकाळच्या उन्हासमोर धरा. बारीक शिरांमध्ये तुटक-तुटक पारदर्शक रेघा दिसतात का पाहा, जशा तेलाचं बोट लागलेल्या कागदातून उजेड दिसतो तशा. मग अंगठ्याएवढ्या जाडीची एक फांदी कापा, साल सोला आणि उघड्या लाकडावरून बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर ठीक. लांबट खड्डे लागले आणि सोललेल्या सालीच्या आतल्या बाजूला त्या खड्ड्यांत बसतील असे उंचवटे दिसले, तर तुमच्या वावरात ट्रिस्टेझा आहे असं धरून चालायला हरकत नाही. वाटीसारखी वळलेली पानं त्याच बाजूला बोट दाखवतात. पक्का निकाल प्रयोगशाळेचाच, पण ही पहिली तपासणी फुकट आहे आणि तुम्हाला आजच करता येते.

आता त्या “आपोआप उगवलेलं” या शब्दाकडे या. हा विषाणू बियांतून जात नाही. म्हणजे तुमचं लिंबू जन्माला आलं तेव्हा निरोगीच होतं. त्याला कोणी डोळाही बांधला नाही. मग रोग आला कुठून? एकच वाट उरते, मावा, म्हणजे पानांचा रस पिणारी बारीक कीड. माव्यानं तो आणला असेल तर जवळपासच्याच एखाद्या झाडावरून. विहिरीजवळ संत्र्याची चाळीस झाडं उभी आहेत, आणि त्यांतल्या एकीचं नाव राणी आहे.

थांबा, लगेच कुऱ्हाड शोधू नका. विषाणू झाडात असणं आणि विषाणूनं झाड मारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मुलानं मोबाइलमध्ये जे वाचलं ते खोटं नाही, पण ते आपल्याकडचं नाही. ते थोडं विस्तारानं सांगतो, कारण त्याची भीती खरी आहे.

ट्रिस्टेझा हा पोर्तुगीज शब्द, अर्थ दुःख, उदासी. १९३० च्या दशकात ब्राझील आणि अर्जेंटिनात संत्रा-मोसंबीची उभी झाडं काही आठवड्यांत सुकून जायची. पानं लोंबलेली, फळं झाडावरच वाळलेली. त्यावरून लोकांनीच हे नाव पाडलं. तिथली झाडं आंबट-कडू संत्र्याच्या खुंटावर बांधलेली होती. हा खुंट त्यांनी उगाच घेतला नव्हता. त्याआधीच्या शतकात डिंक्यानं, म्हणजे बुडाची साल कुजवून डिंक ओघळवणाऱ्या रोगानं त्यांचे बगीचे खाल्ले होते, आणि हा खुंट डिंक्याला दाद देत नव्हता. एका रोगावरचा इलाजच दुसऱ्या रोगाचं दार झाला. कारण हा विषाणू वरच्या संत्र्यात शिरला की जोडाच्या खाली आंबट संत्र्याच्या सालीतल्या अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या मरतात. पानात तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही, मुळं उपाशी मरतात आणि मग वरचं झाड जातं. मावा हा रोग पसरवतो हे ब्राझीलमध्ये १९४६ साली सिद्ध झालं. तोवर फार उशीर झाला होता. पुढे स्पेनमध्येही हेच घडलं. जगभरात मिळून दहा कोटींच्या आसपास झाडं या रोगानं गेली असं मानतात.

आपल्याकडे काय आहे? जंबेरी. काही जण रंगपूर लाईम वापरतात. हे दोन्ही खुंट ट्रिस्टेझाच्या त्या झटपट मरणाला सहन करणारे आहेत. आपले आजे-पणजे विषाणूशास्त्र शिकून जंबेरीवर आले नव्हते. ती सहज उगवते, झाड जोमानं वाढवते, म्हणून आले. पण या एका गोष्टीनं विदर्भातला संत्रा ब्राझीलच्या वाटेनं गेला नाही. विषाणू आपल्या झाडांना त्रास देतो, जोम आणि आयुष्य कमी करतो, फळ बारीक करतो. विशेषतः दुसरं दुखणं जोडीला असेल तर झाड लवकर खचतं. पण सात वर्षांचं झाड जंबेरीवर असताना निव्वळ ट्रिस्टेझानं पिवळं पडून सल धरतं, हे मला पटत नाही.

तुमच्याच पत्रात याचा पुरावा आहे. १७० कलमा, सगळ्यांचा खुंट जंबेरी, सगळ्यांचे डोळे राणीचे, लागवड एकाच पावसाळ्यातली. राणीत विषाणू असेल तर तो १७० झाडांत पहिल्या दिवसापासून आहे, वरच्या ओळींतही. मग वरच्या ११० हिरव्या कशा? साठ झाडांमध्ये वेगळं काय आहे? तुम्हीच लिहिलंत: ती नाल्याकडची आहेत.

माझा संशय पाण्यावर आहे.

उद्या सकाळी कुदळ घ्या. पिवळ्या झाडांपैकी तीन निवडा, एक फार खराब, दोन मध्यम. आणि वरच्या ओळीतलं एक हिरवं झाडही घ्या. बऱ्याचदा लोक हे विसरतात आणि मग तुलनेला काहीच राहत नाही. बुडापासून दोन-तीन फुटांवर अर्धा-पाऊण फूट हळूच उकरा आणि तंतुमुळं हातात घ्या. निरोगी तंतुमुळं फिकट पिवळसर, भरीव असतात. कुजलेल्या मुळाला दोन बोटांत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखी वाळलेली शीर उरते. तसं दिसलं तर तो फायटोप्थोरा, म्हणजे मुळकुज. बुडाशी डिंक ओघळलेला, साल काळपट आणि मऊ झालेली असेल तर तोच डिंक्या म्हणून वर चढला आहे. या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात. भारी काळी जमीन, नाल्याचा उतार, चार दिवस साचलेलं पाणी, यापेक्षा त्यांना अजून काय पाहिजे?

खड्डा तसाच अजून दोन फूट खाली न्या. खाली चुनखडीचा थर लागतो का पाहा. कधी कधी मुळं तिथं येऊन अडतात आणि उन्हाळ्यात झाड तहानेनं, पावसाळ्यात गुदमरून मरतं. दोन्ही ऋतूंत लोक वर पानांवर फवारत बसतात.

मुळकुज निघाली तर इलाज आहे, आणि तो बाटल्यांपेक्षा स्वस्त आहे. दोन ओळींआड उताराच्या दिशेनं फूट-दीड फूट खोल चर काढून पाणी नाल्यात सोडा. हे काम या पावसाळ्यातच करा, कारण पाणी कुठं साचतं ते आत्ता डोळ्यांनी दिसतं. ओलित करताना पाणी बुडाला लागू देऊ नका. दुहेरी आळं करा: बुडाभोवती एक लहान कोरडं आळं आणि त्याच्याबाहेर पाण्याचं मोठं आळं. बुडाची कुजलेली साल धारदार चाकूनं खरवडून काढा आणि बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि लोखंडाच्या भांड्यात नाही. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत. सल पावसाळा संपल्यावर काढा, हिरव्या भागाचा इंचभर घेऊन, आणि काढलेलं लाकूड बगीच्यात पडू देऊ नका. या झाडांवर यंदाचा आंबिया बहार धरण्याचा हट्ट सोडा. आजारी माणसाकडून ओझं वाहून घेत नाहीत.

सगळी साठ वाचतील असं मी म्हणत नाही. ज्यांच्या बुडाची साल चहूबाजूंनी कुजली आहे ती जातील. ती काढा, पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या खड्ड्यात नवीन कलम लावू नका. आधी चर, मग कलम.

आता बाटल्या. ताई, झाडात शिरलेल्या विषाणूला मारणारं फवारणीचं औषध जगात कुठंच नाही. ब्राझीलमध्ये नाही, इस्राईलमध्ये नाही, वरूडच्या बाजारात तर नाहीच. तुम्हाला दिलेली बाटली कसली ते मला पत्रातून कळलं नाही, पण घरी एखादी उरली असेल तर तिचं लेबल वाचा. कीटकनाशकाच्या लेबलवर ते कोणत्या पिकाच्या कोणत्या कीड-रोगासाठी मंजूर आहे ते छापलेलं असतं. तुमच्या बाटलीवर ट्रिस्टेझा शोधा. सापडणार नाही. फार तर मावा सापडेल, आणि “व्हायरसचं औषध” म्हणून माव्याचं औषध विकणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

मग मावा तरी मारायचा की नाही? इथं बरेच जण गोंधळतात. मावा रोगी झाडाचा रस पिताना विषाणू सोंडेत घेतो. त्याला अर्धा-एक तास पुरतो. नंतर दिवस-दोन दिवस तो ज्या झाडावर बसेल तिथं विषाणू सोडू शकतो. संत्र्याच्या काळ्या माव्याचं तर हे कामच, पण आपल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर जो मावा येतो तोही हे करतो. तुमच्या बगीच्याला लागून चारी बाजूंनी पऱ्हाटी असेल तर किती फवाराल? तुमचं औषध लागून मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. मोठ्या बगीच्यात फक्त विषाणू रोखायला म्हणून माव्यावर फवारणी करू नका. नवतीवर मावा फार झाला, पानं वळायला लागली, तर निंबोळी अर्क घ्या, तो नवती वाचवायला. नर्सरीची गोष्ट वेगळी. तिथं एक मावा म्हणजे पुढं शंभर शेतकऱ्यांचे बगीचे.

मुलाला आणखी एक सांगा, कारण तो शोधत बसला तर त्याच्यासमोर तेही येणार. ग्रीनिंग नावाचा दुसरा रोग आहे. लक्षणं सारखी वाटतात, पण तो विषाणू नव्हे, जिवाणू आहे, आणि सायला ही कीड तो नेते. त्याच्या पानावर मधल्या शिरेच्या दोन बाजूंना पिवळे-हिरवे डाग एकमेकांशी न जुळणारे असतात. जस्त कमी पडलं तर दोन्ही बाजू आरशासारख्या जुळतात. नमुना देताना दोन्ही रोगांची तपासणी मागा, एकाच पानात काम होतं.

आणि आता राणी. खरा प्रश्न तिचाच आहे, बाकीचं तुम्ही मला भीतीपोटी विचारलं.

माझी एक गोष्ट सांगतो. मी नरखेडकडचा. तरुणपणी कलमा बांधून घर चालवलं. एका थंडीत दिवसाला चारशे डोळे भरायचो, चाकू बोटाचाच भाग झाला होता. आमच्या आवारात एक झाड होतं, सालाला हजार फळं द्यायचं, साल सैल नाही, रंग नारिंगी. सोयऱ्याधायऱ्यांत, मित्रांत, मी त्याचे डोळे वाटले. विकले नाहीत, वाटले, आणि त्याचा मला अभिमान होता. पुढं एका ओळखीच्या शास्त्रज्ञानं सहज म्हणून त्याची पानं नेली आणि महिनाभरानं कळवलं की झाडात ट्रिस्टेझा आहे. झाड त्या दिवशीही हिरवंच होतं, फळांनी वाकलेलं. मी मोजलं तर अकरा घरांत त्याच्या कलमा होत्या. अकराही घरी जाऊन सांगितलं. दोघांनी हसण्यावारी नेलं. एकजण अजून माझ्याशी बोलत नाही. पण सांगताना मला सगळ्यात जड गेलं ते मला स्वतःला पटवणं की झाड चांगलं होतं आणि डोळा वाईट होता, दोन्ही एकाच वेळी.

मामाजींनी काही चूक केली नाही. डोळ्याला दिसत नाही ते माणूस कसं पाहणार? सोंडेतून विषाणू नेणारा मावा एका वेळी एक-दोन झाडांना रोग लावतो. डोळकाडीतून विषाणू जवळजवळ हमखास पोचतो, आणि थेट गावभर. माव्याला जे जमलं नसतं ते आपल्या दिलदारीनं केलं.

म्हणून माझा सल्ला एकच: निकाल हाती येईपर्यंत राणीचा एकही डोळा बाहेर जाऊ देऊ नका. राणी तोडायची नाही. राणीचं फळ खायचं, विकायचं, तिच्या सावलीत बसायचं. फक्त डोळे बंद.

बोलू कशी, विचारता. तुम्ही बोलूच नका. लिंबाचं पान तोडून मामाजींच्या हातात द्या आणि उन्हासमोर धरायला सांगा. मग त्याच झाडाची फांदी त्यांच्याच चाकूनं त्यांना सोलू द्या. तीस वर्षं संत्र्यात घालवलेल्या माणसाच्या बोटाला लाकडावरचे खड्डे कळतात. त्याला सुनेनं सांगायची गरज नसते. आणि मुलाला त्या वेळी मोबाइल घेऊन बाजूला उभं करू नका.

भाच्यासाठी तर तुमची अडचण मुळात आहेच कुठं? तो यंदा नर्सरी टाकतो म्हणता. जंबेरीचं बी पेरून रोपाला पेन्सिलीएवढी जाडी यायला वर्षभर तरी लागतं. म्हणजे येत्या थंडीत त्याच्याकडे डोळा भरायला खुंटच तयार नसणार. त्यानं खुंट बाहेरून विकत आणले असतील तर ते कुठून, हे आधी विचारा. मामाजींनी “यंदा नाही, पुढच्या थंडीत पाहू” म्हटलं तर त्याचं काहीच बिघडत नाही आणि मामाजींचा शब्दही राहतो.

हे वर्ष त्यानं सत्कारणी लावावं. आपल्या राज्यात १९६९ च्या कायद्यापासून फळझाडांच्या नर्सरीला परवाना लागतो, तो काढावा. जंबेरीचं बी निरोगी असतं, तिथं विषाणूची भीती नाही. भीती मातीची आहे. वाफ्यातल्या मातीतून मुळकुज येते. उन्हाळ्यात ओलसर मातीवर पारदर्शक प्लास्टिक पसरून महिना-दीड महिना तापवली, तर आपलं पंचेचाळीस अंशांचं ऊन एकदाचं कामाला येतं. रोपं जमिनीत नको, काळ्या पॉलिथिनच्या पिशव्यांत, आणि किडी शिरणार नाहीत अशा जाळीखाली. डोळा जमिनीपासून नऊ इंच वर बांधावा. आपल्याकडे घाईत चार बोटांवर बांधतात, आणि मग लावताना जोड मातीत गाडला जातो आणि डिंक्याला आयती वाट मिळते. चाकू आणि कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवावी. ट्रिस्टेझा चाकूनं सहसा जात नाही, पण एक्झोकॉर्टिस नावाचं दुसरं दुखणं जातं, आणि रंगपूर लाईमच्या सालीला ते सोलून काढतं.

डोळे मात्र त्यानं तपासलेल्या मातृवृक्षांचेच आणावेत. नागपूरला अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, १९८५ पासून. तिथं झाडाच्या कोंबाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून काचेच्या नळीतल्या खुंटरोपावर बसवतात. टोक मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून मोठं नसतं. कारण मोठं मजेदार आहे. ट्रिस्टेझाचा विषाणू अन्नाच्या नळ्यांतून फिरतो आणि कोंबाच्या अगदी टोकाला या नळ्या अजून तयारच झालेल्या नसतात. झाड पूर्ण रोगी असलं तरी टोकाचा तो कण बहुतेक वेळा निरोगी निघतो. त्यापासून वाढवलेलं रोप पुन्हा तपासायचं, आणि मग त्याचे डोळे घ्यायचे. राणीच्या बाबतीत हे होऊ शकतं का, हे तिथं जरूर विचारा, तिच्या तीस वर्षांच्या फळाचा हिशेब सोबत घेऊन. झाडाची गुणवत्ता खरोखर तशी असेल तर तिची निरोगी लेक तुमच्या बगीच्यात उभी राहू शकते. मामाजींना ही गोष्ट सांगायला मात्र तुम्हीच जा, ती मुलावर सोपवू नका.

गावात राणीच्या कलमा ज्यांच्याकडे आहेत त्यांना घाबरवू नका. त्यांची झाडं जंबेरीवर असतील तर ती उद्या मरणार नाहीत. त्यांना दोनच गोष्टी कळायला पाहिजेत: आपल्या झाडाचे डोळे पुढं देऊ नयेत, आणि बगीच्याजवळ कागदी लिंबाची नवीन लागवड करायची असेल तर ती लवकर खराब होऊ शकते.

नमुना आत्ता नका पाठवू. हस्ताची नवती येऊ द्या, ती जरा पक्की झाली की ऑक्टोबरअखेर किंवा थंडीत पानं न्या. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात झाडातलं विषाणूचं प्रमाण घटतं. तेव्हा नेलेलं पान निरोगी म्हणून परत येऊ शकतं आणि तुम्ही फसता. प्रयोगशाळेला आधी फोन करून वार ठरवा. प्रत्येक झाडाच्या चारी बाजूंनी दोन-दोन कोवळ्या डहाळ्या पानांसकट घ्या. ओल्या फडक्यात गुंडाळू नका, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पाणी भरून नेतो त्या थंड डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पाच झाडं पुरेत: धुऱ्यावरचं लिंबू, राणी, जुन्या बगीच्यातलं दुसरं एक, नवीनमधलं एक पिवळं आणि एक हिरवं. पिशव्यांवर पक्क्या शाईनं नंबर टाका. राणीच्या पिशवीवर नंबर नको, तिचं नावच असू द्या, आणि ते मामाजींच्या हातानं लिहून घ्या.